जत्रेच्या नाटकावर पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. एम.ए. मराठी झालं आहे. वडील गावच्या जत्रेच्या नाटकाला ऑर्गनवर बसायचे आणि त्या स्वतः शाळेत असल्यापासून रंगमंचावर आहेत. आता पीएचडी करायची म्हणतात. विषय ठरवलाय ‘गोमंतकीय मराठी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास’. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. विषय चालेल का, साहित्य कुठे मिळेल, नोकरी सांभाळून जमेल का, आणि इतकी वर्षं नाटकात काम केलं त्याला विद्यापीठात काही किंमत आहे का? जाता जाता चित्रपटावर विषय का घेऊ नये, असंही विचारलंय.

बाई, आधी विषयाचं बोलतो. हा विषय घेऊ नका. असल्या मथळ्याखाली पहिलं प्रकरण विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगापासून सुरू होतं. दुसरं किर्लोस्कर-देवलांत जातं, तिसऱ्यात गोव्याचा इतिहास, भूगोल आणि सणवार येतात, आणि गोव्यातलं नाटक चौथ्या प्रकरणात कसंबसं उगवतं तोवर तुमचा दम संपलेला असतो. असे प्रबंध मी खूप वाचले आहेत. त्यांतली पहिली दीडशे पानं एकमेकांत अदलाबदल केली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. भावे-किर्लोस्करांवर लिहायला पुण्या-मुंबईत माणसं आहेत. तुमच्या वडिलांच्या ऑर्गनच्या वहीवर लिहायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

पुण्या-मुंबईत मराठी नाटकावर काम करणाऱ्याला छापील नाटकं, संस्थांचे अहवाल, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, नटांची आत्मचरित्रं हे बरंचसं आयतं मिळतं. आपल्याकडे नाटक झालं ते देवळाच्या आवारात, वर्षातून एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी पडदे गुंडाळून गेले. त्याच्या नोंदी आहेत, पण त्या ग्रंथालयात नाहीत. त्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात आहेत, देवस्थानच्या कपाटात आहेत, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहेत. म्हणून गोव्यात नाटक, संगीत, लोककला यांवर काम करणाऱ्याचं पहिलं कर्तव्य संग्रह उभा करणं हे आहे असं मी मानतो. मीमांसा त्यानंतर. विषय निवडताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. मी हे आता केलं नाही तर याची साधनं दहा वर्षांत नाहीशी होतील का? आणि ती माझ्या हाताला लागू शकतात का? दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर विषय पक्का समजा.

तुमच्या बाबतीत मी असा प्रश्न घेतला असता : मुंबई-पुण्याला छापलेलं संगीत नाटक जत्रेच्या रंगमंचावर येताना त्याचं काय होतं? काळ १९६१ ते १९९०. जागा तुमच्या तालुक्यातली तीन-चार देवस्थानं, याहून एक जास्त नको. एवढंच. हा विषय लहान वाटेल, पण त्याच्या पोटात काय काय आहे बघा.

सर्वांत मोठं साधन म्हणजे नाट्यप्रत. गावात नाटक बसवणाऱ्या मास्तरांकडे छापील पुस्तक असायचं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. कुठे पद गाळलंय, कुठे अख्खा प्रवेश कापलाय, कुठे दोन पात्रांचं एक केलंय. यातली प्रत्येक खूण हा एक निर्णय आहे आणि त्याला कारण आहे. पालखी, आरत्या, पावणी (देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) आटोपून नाटकाला तोंड लागायचं तेच मध्यरात्रीच्या सुमाराला. पहाटेच्या आत भरतवाक्य व्हायला हवं. म्हणून पदं गेली. बाहेरून आणायच्या स्त्री-कलाकाराची बिदागी परवडायची नाही, म्हणून सखीचं पात्र गेलं. देवस्थानच्या एखाद्या महाजनाचा, म्हणजे वंशपरंपरेने मानकरी असलेल्याचा, मुलगा गाणारा निघाला, म्हणून मुळात नसलेलं पद आलं, तेही दुसऱ्याच नाटकातलं. शिवाय मलपृष्ठावर कुठल्या वर्षी कोणी कुठली भूमिका केली त्याची यादी असते, आणि एकाच प्रतीवर दोन-तीन पिढ्यांची हस्ताक्षरं मिळतात. छापील संहितेशी ही प्रत ताडून बघणं म्हणजे अस्सल पाठचिकित्सा, म्हणजे प्रतींतले फरक तपासून संहितेचा अभ्यास, आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना जी शिस्त लावतात तीच इथे लावायची. मराठी विभागात या कामाला कोणी नाक मुरडलं तर हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

दुसरं साधन हँडबिलं. ‘श्री अमुक प्रासादिक नाट्यमंडळ’ असं वर, खाली नाटकाचं नाव, तारीख, कलाकार, ऑर्गन, तबला, रंगभूषा, ड्रेपरी म्हणजे पोशाख, पडदे. एकेक हँडबिल किरकोळ दिसतं. पन्नास जमली की दिसतं की एकच ऑर्गनवादक एका हंगामात किती गावं करत होता, ड्रेपरी कुठून यायची, स्त्रीपार्टी करणारे पुरुष कुठल्या वर्षापासून यादीतून गळू लागले. या शेवटच्या प्रश्नावर गोव्यात अजून नेटकं काम व्हायचं आहे.

तिसरं, देवस्थानचा जमाखर्च. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने बांधलेला आहे, मामलेदार त्यांचा प्रशासक असतो, त्यामुळे हिशेब लिहायची सवय जुनी आहे. नाटकाचा खर्च नेहमी देवस्थान करत नसे, गावकऱ्यांची वर्गणी वेगळी असे. तरीही दिवाबत्ती, मांडव, बाहेरच्या मंडळींचं जेवण अशा नोंदी सापडतात. वहीला हात लावण्याआधी समितीला रीतसर पत्र द्या, विद्यापीठाच्या कागदावर, मार्गदर्शकाच्या सहीचं. तुम्ही त्याच गावच्या असलात तरी द्या. समिती बदलते, पत्र राहतं.

आणि चौथं साधन तुमच्या घरातच आहे. ऑर्गनवादकाच्या वहीत पदाखाली पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, लिहिलेली असते : काळी एक, काळी चार, पांढरी पाच. पुरुष स्त्रीपार्टी करत होते तेव्हा नायक-नायिका एकाच पट्टीत निभावून न्यायचे. गाणाऱ्या बायका आल्यावर ऑर्गनवाल्याची पंचाईत झाली, एकाच प्रवेशात पट्टी बदलायची की मधली काहीतरी धरायची? वहीत खोडून पुन्हा लिहिलेली पट्टी हा रंगभूमीवर बाई आल्याचा लेखी पुरावा आहे. संगीताच्या माणसाला हा पुरावा वाचता येतो, निव्वळ साहित्याच्या माणसाला येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. तसंच, मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी १९६० च्या दशकात नाट्यसंगीताला जे वळण दिलं ते त्यांच्याच मुलखातल्या जत्रेच्या ऑर्गनपर्यंत कधी पोहोचलं, आणि पोहोचल्यावर जुन्या चाली गेल्या की शेजारी राहिल्या, हेही त्या वह्यांतून कळेल.

१९६१ पासूनच का, असं तुम्ही विचाराल. पोर्तुगीज राजवटीत छापील मजकुराला आणि जाहीर कार्यक्रमाला परवानगीचा जाच होता. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर तो गेला आणि गावोगाव मंडळं उभी राहिली. मग १९७० साली कला अकादमी स्थापन झाली आणि तिच्या नाट्यस्पर्धेने दुसराच प्रवाह आणला. बंदिस्त नाटक, प्रकाशयोजना, परीक्षक, वेळेचं बंधन. तेच नट डिसेंबरात स्पर्धेचं नाटक करत आणि माघात जत्रेचं. एकाच माणसाचा अभिनय दोन ठिकाणी दोन तऱ्हांचा. एका रंगमंचावरचं काय दुसऱ्यावर झिरपलं आणि काय अडलं, हे प्रकरण लिहिलंत तर तुमचा प्रबंध गोव्याबाहेरही वाचला जाईल. स्पर्धेच्या बाजूचं साहित्य त्यामानाने सहज मिळतं, वर्तमानपत्रांत निकाल आणि परीक्षणं आहेत. म्हणून लोक तेवढंच लिहितात. जत्रेच्या बाजूला जोर द्या.

आता ग्रंथालयांचं. पणजीत पाटो येथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे तुमचं दुसरं घर होऊ द्या. त्याची मुळं १८३२ सालची आहेत आणि जुन्या गोमंतकीय नियतकालिकांचा साठा तिथे आहे. दैनिक ‘गोमन्तक’ १९६२ साली सुरू झालं, त्याचे कार्तिक ते चैत्र या महिन्यांतले अंक आधी काढा, कारण जत्रांच्या बातम्या आणि नाटकांच्या जाहिराती त्याच महिन्यांत एकवटलेल्या असतात. मुक्तीपूर्व काळाची पार्श्वभूमी हवी असेल तर हेगडे देसाईंनी १९१२ साली केप्यात काढलेलं ‘भारत’ हे पत्र बघा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेंकरांचा संग्रह आहे. सरकारी कागदांसाठी पुराभिलेख खातं, तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत. पर्वरीला झेवियर सेंटर ही इतिहास संशोधन संस्था आणि थॉमस स्टीफन्स कोकणी केंद्र आहेत. मराठी नाटकवाले तिकडे सहसा फिरकत नाहीत, पण तियात्राशी, म्हणजे कोकणी संगीत नाटकाशी, तुलना केल्याशिवाय गोव्यातल्या कुठल्याही नाटकावर पूर्ण बोलता येत नाही. तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला. पडदे, ऑर्केस्ट्रा, दोन अंकांच्या मध्ये गाणं ही सामग्री दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी आली. पेडणे, डिचोलीकडचं काम करणारा असेल तर त्याला सिंधुदुर्गातून उतरणारे दशावतारी बघावे लागतील, सत्तरीतल्याला रणमाले हे लोकनाट्य. तुमच्या तालुक्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही.

लिपी आणि भाषांवर थोडं थांबतो, कारण गोव्यातली पुष्कळ कामं इथे अडतात. आपलं जुनं साहित्य कुठल्या अवस्थेत आपल्यापर्यंत आलं ते बघा. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, पण १६१६ साली राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. त्या आवृत्तीची, आणि पुढच्या १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांचीही, एकही प्रत आज ज्ञात नाही. हाती आहेत त्या हस्तलिखित नकला, आणि देवनागरीतली एक लंडनच्या विद्यापीठात जाऊन बसली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या रामायण-महाभारताच्या गोमंतकीय कथा पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीतच जपल्या गेल्या. म्हणजे मराठी येतं एवढ्यावर गोव्याचं मराठी साहित्यसुद्धा वाचता येत नाही. तुमच्या १९६१ नंतरच्या विषयाला मोडी कदाचित लागणार नाही. पण देवस्थानच्या जुन्या वहीत पोर्तुगीज शेरे भेटतील, तेवढं वाचण्यापुरती पोर्तुगीज शिकून घ्या. विद्यापीठात त्या भाषेचे वर्ग चालतात.

मुलाखती तुम्ही कोकणीत घ्याल. घ्यायलाच हव्यात. नाटकातले संवाद माणूस मराठीत म्हणून दाखवेल आणि लगेच तालमीतली भांडणं कोकणीत सांगेल. हे आपल्या घराघरातलं वास्तव आहे. मराठी-कोकणी भाषावादाने ते दोन खणांत वाटून टाकलं आणि संशोधनाचं फार नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखत लिहून काढताना बोललेलं जसंच्या तसं ठेवा. प्रबंधात मराठी सारांश द्या आणि मूळ कोकणी परिशिष्टात जोडा. माणसाच्या तोंडी शुद्ध पुस्तकी मराठी घालू नका, तो त्याच्यावर अन्याय आहे.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर केलं तरी चालेल, पण वेगळा माइक लावा आणि आवाज दाबून न साठवणाऱ्या स्वरूपात, म्हणजे वेव्ह फाइलमध्ये घ्या. सुरुवातीला जागा, तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि त्याची परवानगी त्याच्याच आवाजात घ्या. पंखा बंद करा. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत काढा.

संगीताच्या पुराव्याबद्दल एक इशारा देतो, कारण तुम्ही चालींची तुलना करणार आहात. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. केसरबाई केरकर किंवा दीनानाथ मंगेशकर यांच्या तबकड्या ऐकून ‘त्यांची गायकी अशी होती’ असं विधान लोक बिनधास्त करतात. तबकडीत असतं ते तीन मिनिटांत बसवलेलं गाणं. मैफलीत किंवा नाटकात तेच पद किती वेळ चाले, कुठे वन्समोअर होई, हे तबकडी सांगत नाही. शिवाय तबकडीचा वेग थोडा जरी पुढेमागे झाला तर पट्टीच बदलते. म्हणून पट्टीचा निष्कर्ष केवळ तबकडीवरून काढू नका. तुमच्या वडिलांच्या वहीतला पेन्सिलीचा शेरा त्या बाबतीत अधिक विश्वासार्ह आहे. वाद्यांचंही तसंच. घुमट या मातीच्या चर्मवाद्याला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. नाद बदलला. आजच्या घुमटावरून सत्तर वर्षांपूर्वीच्या सुवारीचा, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनाचा, नाद सांगू पाहणाऱ्याने हे आधी लिहिलं पाहिजे.

स्त्री-कलाकारांवर लिहाल तिथे फार जपून. गोव्याच्या गाण्यात आणि नाटकात कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे देवळाच्या सेवेत गाण्या-नाचण्याची परंपरा असलेल्या घरांतल्या, बायकांचा वाटा एवढा मोठा आहे की तो वगळून इतिहास लिहिताच येत नाही. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मालप्याच्या अंजनीबाई ही नावं जगाला ठाऊक आहेत. पण गावोगाव बिदागीवर नाटकात काम करणाऱ्या, कुठल्याही पुस्तकात नाव नसलेल्या बायका अनेक होत्या. या समाजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शिक्षणाच्या बळावर स्वतःची नवी ओळख घडवली आहे. त्यांच्या नातवंडांना आजीची आठवण अभिमानाची वाटते की लपवावीशी वाटते, हे तुम्ही ठरवायचं नाही. नाव छापायचं की नाही ते घरच्यांना विचारा, लेखी घ्या, आणि नको म्हणाले तर टोपणनावही असं द्या की गाव ओळखता येणार नाही. एखादं उत्तम प्रकरण यामुळे अर्धं राहील. राहू द्या.

हक्कांचं थोडक्यात. नाटककाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळं झालं. संशोधनासाठी उतारे घ्यायला कायद्यात मुभा आहे, पण अख्खी नाट्यप्रत छायाचित्र काढून परिशिष्टात घालणं म्हणजे उतारा नव्हे. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाणार, जगाला दिसणार, हे डोक्यात ठेवा.

चित्रपटावर का नाही, असं तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. घेता येईल. पहिला कोकणी बोलपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० सालचा, आणि २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याकडे आहे. पण जुने कोकणी चित्रपट मोजके, त्यांच्या चांगल्या प्रती मिळवायच्या तर पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या खेपा, आणि तुमचं त्या क्षेत्रात काही नाही. ज्याच्या घरात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा पाव्हणा आहे, त्याने तो विषय घ्यावा.

नोकरी आणि पीएचडी. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२२ ची नियमावली नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. एम.ए.ला ५५ टक्के हवेत. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशाला धरले जातात : जेआरएफ ही संशोधनवृत्ती न मिळालेल्यांसाठी नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के, आणि ते गुण एक वर्षच चालतात. त्या-त्या वर्षी विद्यापीठ कुठला मार्ग खुला ठेवतं ते त्याच्या अधिसूचनेत बघा. अर्धवेळ पीएचडी करता येते, पण संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं आणि अभ्यासवर्गासाठी गरज पडली तर मोकळीक देऊ असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. हे अभ्यासवर्ग किमान १२ क्रेडिटचे आहेत. मुदत किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते आणि महिलांना आणखी दोन वर्षं. एम.फिल. बंद झालं. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही केंद्रीय सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांच्या नादी लागू नका. एक निबंध लिहा, चांगला लिहा, आपल्या लोकांनी वाचावा अशा ठिकाणी छापा.

हायस्कुलाच्या माणसाला एक फायदा आहे. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात. मे महिन्यात मुंबईतली मंडळी गावात येतात, त्यांच्या घरांतले पेटारे तेव्हाच उघडतात. पावसाळा ग्रंथालयासाठी आणि लिखाणासाठी ठेवा. जुन्या वह्या पावसात बाहेर काढायला मागू नका, कोणी देणार नाही आणि देऊही नये.

मार्गदर्शक निवडताना मोठं नाव बघू नका. तीन गोष्टी बघा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकाला नियमाने नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि चार-पाच वर्षं उरली असतील तर अर्धवेळवाल्याने विचार करावा. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहाय्यकाला चार विद्यार्थी एवढी मर्यादा आहे, जागा आहे का ते आधी विचारा. आणि त्यांच्याकडे झालेले दोन प्रबंध शोधगंगेवर उघडून वाचा. पाच प्रकरणांच्या शेवटी ‘निष्कर्ष’ म्हणून तेच ते पुन्हा सांगितलेलं असेल तर दुसरं दार बघा. मराठी विभागात राहून संगीताची जाण असलेला सहमार्गदर्शक मिळाला तर उत्तम. तुमच्या विषयाला तो हवाच. गोवा विद्यापीठात अभ्यागत संशोधक प्राध्यापकांची पदं आहेत, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, अँथनी गोन्साल्विस यांच्या नावांची. त्या निमित्ताने बाहेरची जाणकार माणसं येतात, छोटे वर्ग घेतात. त्यांना जाऊन बसा. मात्र परतल्यावर त्यांच्या पुस्तकांतले सिद्धांत तुमच्या नाट्यप्रतींवर बळेच चढवू नका. सिद्धांत लागतो तो तुमच्या साहित्यातून उठलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला. आधी प्रश्न उठू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, तुमच्या रंगमंचावरच्या वर्षांना किंमत आहे का. पदवी लेखी प्रबंधाची मिळते, प्रयोगाची नाही. तुम्ही उत्तम सुभद्रा केली म्हणून एकही क्रेडिट मिळणार नाही. पण पुरावा म्हणून त्या वर्षांची किंमत मोठी आहे. अट एवढीच की आठवण म्हणून सांगू नका, पुराव्यासारखी मांडा. ‘आमच्या गावात असं करायचे’ हे वाक्य प्रबंधात येता कामा नये. कुठलं नाटक, कुठलं साल, त्या वेळी तुम्ही कुठली भूमिका करत होता, कोणाकडून ऐकलं, आणि दुसरा कोणी त्याला दुजोरा देतो का, एवढं दिलं की ती साक्ष होते. जमलं तर एक काम करा. जुन्या नटांपैकी जे अजून उभे राहू शकतात त्यांच्याकडून गाळलेली पदं आणि कापलेला प्रवेश पुन्हा बसवून घ्या, ऑर्गन-तबल्यासह, आणि त्याचं चित्रण करा. तालमीत मास्तर कुठे थांबवतात, नट कुठे अडतो, कुठल्या शब्दावर हात आपोआप वर जातो, हे कागदावर कधीच मिळणार नाही. हे चित्रण प्रबंधाला जोडता येतं आणि बाहेरच्या परीक्षकांनाही दाखवता येतं.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या यंत्राला मराठी नीट वाचता येत नाही असं समजून काही जण निर्धास्त असतात. तुम्ही तसं करणार नाही हे ठाऊक आहे. तरी सांगतो, टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेले प्रबंध आज उघडत नाहीत, शोधता येत नाहीत, असून नसल्यासारखे झालेत.

गोळा केलेलं सगळं तीन ठिकाणी ठेवा : ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या घरी एक प्रत, गावातल्या वाचनालयात किंवा देवस्थानात एक, आणि मध्यवर्ती किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक. हे काम शेवटी करायचं म्हणून राखून ठेवलं तर होत नाही. दर पावसाळ्यात तेवढ्या वर्षाचं पोचवून यायचं.

आणि विद्यापीठात आराखडा द्यायच्या आधी वडिलांच्या ओळखीतल्या चार-पाच घरी जाऊन या. विषय, पीएचडी काही सांगत बसू नका, जुनी प्रत बघायला मागा. जे दिसेल त्याची एक यादी करा : कोणाकडची प्रत, कुठलं नाटक, कुठल्या वर्षांच्या खुणा, किती पदं गाळलेली, कोणाचं हस्ताक्षर. ती यादी आराखड्याला पहिली पुरवणी म्हणून जोडा. समितीसमोर तुम्हाला विचारतील की साधनं उपलब्ध आहेत कशावरून, तेव्हा ती पुढे करा. मथळा त्यानंतर ठरवू.